चौसाळ्याचा समुद्र

मुरल्या, तुझ्या शोकसभेचा फ्लेक्स मीच छापला. दुसरं कोण छापणार? बीडमध्ये दुकानं पुष्कळ आहेत, पण तुझ्या शाळेच्या हेडमास्तरांना वाटलं, सरांचे जुने मित्र आहेत, प्रेमानं करतील. फोनवर म्हणाले, "नामदेवराव, सरांचा फोटो आणि त्यांचं ते समुद्राचं चित्र, दोन्ही एकत्र करा. सर जणू समुद्रातून वर येतायत असं काहीतरी." चित्राचा फोटो त्यांनी मोबाईलवर पाठवला. काचेवर ट्यूबलाइटची तिरीप पडलेली. तुझं ते चित्र केवढं, तर माझ्या तळहाताएवढं. ते दहा फूट ताणल्यावर काय होणार? ज्या रेघांसाठी तू चाळीस वर्षं जीव टाकलास, त्यांचा चिखल झाला. मेंढ्यांची ढेकळं झाली, टोपली घेतलेल्या बाईचं पोतं झालं. आणि मधोमध तुझं डोकं, ताजा कलप लावलेलं, खाली 'भावपूर्ण श्रद्धांजली'. मशीनमधून तो फ्लेक्स सरकत बाहेर येत होता तेव्हा मला हसू फुटलं. कारागीर माझ्याकडं बघायला लागला. मी म्हणालो, काही नाही, छाप तू.

सभेत मी मागच्या रांगेत बसलो. एकानं सांगितलं, सरांच्या डोळ्यांत समुद्र होता. दुसऱ्यानं सांगितलं, या कोरडवाहू भागात सरांनी सागर आणला. तिसरे कुठल्याशा पतसंस्थेचे होते, ते तुला सागरपुत्र म्हणाले. चौसाळ्याचा सागरपुत्र! बाहेर हायवेवरनं ट्रक चालले होते, वर पत्रे तापले होते आणि आत सगळे लाटांवर बोलत होते. मग मला म्हणाले, तुम्ही त्यांचे वर्गमित्र, दोन शब्द बोला. मी उभा राहिलो आणि "मुरलीधर माझा मित्र होता" एवढं बोलून खाली बसलो. लोकांना वाटलं, गहिवरलो. गहिवरलो नव्हतो. तोंड उघडलं असतं तर तुझी अब्रू गेली असती, आणि पहिल्याच रांगेत शकुंतला वहिनी बसल्या होत्या.

तर जे तिथं बोललो नाही ते इथं बोलतो. तुला आता उठून जाता येणार नाही.

ते चित्र तुझ्या आजोबांना निजामाच्या काळात कुण्या गोऱ्या साहेबानं भेट दिलं, असं तू सगळ्यांना सांगायचास. शाळेच्या स्मरणिकेतही तसं छापलंय. मी त्या दिवशी तुझ्या शेजारी उभा होतो, मुरल्या. आपण औरंगाबादला चित्रकलेच्या कॉलेजात होतो, एका खोलीत राहत होतो, आणि रविवारी रद्दीच्या बाजारात जुनी मासिकं चाळायला गेलतो. एका फाटक्या इंग्रजी पुस्तकातलं सुटं झालेलं पान तू उचललंस. वर ते चित्र. खालचा कोपरा उंदरांनी खाल्लेला, त्यामुळं कोरणाऱ्याचं नावही गेलेलं. मागच्या बाजूला अर्धं पान मजकूर होता. आपण दोघांनी डिक्शनरी घेऊन तो वाचला. मेंढ्यांच्या खुरांना होणाऱ्या रोगाबद्दल होता. दुसऱ्याच दिवशी तू ते पान पुठ्ठ्यावर डिंकानं चिकटवून टाकलंस. खुरांचा रोग कायमचा गडप, आणि साहेबाच्या भेटीला वाट मोकळी.

चित्र मात्र चांगलं होतं. हे मी कधी नाकारलं नाही. इंग्लंडातला कुठलासा किनारा. खडकाळ उतारावर दगडांची बुटकी भिंत, भिंतीच्या अलीकडं पाच-सात मेंढ्या, पलीकडं वाळूवर पालथ्या घातलेल्या होड्या. खांबांवर वाळत घातलेलं जाळं. टोपली कमरेला टेकवून उतार चढणारी एक बाई, तिची पाठ आपल्याकडं. आणि मागं समुद्र, नुसत्या आडव्या रेघा, केसांहून बारीक, जवळ जाड आणि लांब जाता जाता विरळ. सगळं काळ्यापांढऱ्यात. तू रात्रंदिवस ते बघायचास. पेनानं त्याची नक्कल काढायचास, फाडायचास, पुन्हा काढायचास. "पेनानं कावून जमंना बे?" असं चिडून विचारायचास. मलाही सांगता येत नव्हतं.

सांगितलं ते माझ्या बापानं. आठवतं? अण्णा नांदूरघाटहून धपाटे घेऊन आले होते. सुतार माणूस, पोटापुरतं शिकलेला. जेवण झाल्यावर त्यांनी ते चित्र उजेडात नेलं, चष्मा कपाळावर सरकवला आणि नाक टेकेल इतकं जवळ धरलं. मग म्हणाले, "ह्ये पेनाचं न्हाई. ह्ये लाकडावर कोरून छापलंय. अन् फळीवर बी न्हाई. खोड आडवं कापल्यावर जे गोल तोंड दिसतं ना, त्याच्यावर. फळीवर कोरलं की रेघ धाग्याबरुबर पळती. हितं बघा, एक बी रेघ पळाली न्हाई. जिकडं न्यायची तिकडंच गेली."

तू विचारलंस, "मग अण्णा, ह्या पांढऱ्या रेघा?"

"कोरलं ते पांढरं, सोडलं ते काळं," अण्णा म्हणाले. "तुमी काळं काढाया बसलाव. त्यानं काळं काढलंच न्हाई. त्यानं उजेड कोरलाय."

तू उठून त्यांच्या पाया पडलास. मला बरं वाटलं होतं. चौसाळ्याच्या मोठ्या वाड्यातल्या जमीनदाराचा पोरगा सुताराच्या पाया पडतो, त्या काळात हे आम्हांला नवीन होतं.

पुढं त्याच वाक्याच्या जिवावर तू तीस वर्षं खाल्लंस. 'त्यानं काळं काढलं नाही, त्यानं उजेड कोरला.' स्नेहसंमेलनात, शिक्षकांच्या शिबिरात, कुठंही चित्रकलेवर बोलायला उभा राहिलास की ते चित्र वर धरायचं, घसा खाकरायचा आणि हे वाक्य टाकायचं. लोक टाळ्या वाजवायचे. पुढं त्याला तू शेपूटही लावलंस, 'जीवनातही असंच असतं.' अण्णांचं नाव कधी घेतलंस? एकदाही नाही. एकदा मी समोर बसलेलो असताना तू म्हणालास, "मी या चित्रापुढं वर्षानुवर्षं बसलो, तेव्हा मला हे उमगलं." माझ्याकडं बघितलंही नाहीस.

नोकरी तुला लागली. संस्था तुझ्या चुलत्याच्या मेव्हण्याची होती, न लागायला काय झालं होतं? मी बीडला पाट्या रंगवल्या, लग्नपत्रिकांच्या प्रेससाठी लाकडी ठसे कोरले, गणपती, कलश, वरातीचे घोडे, आणि ते सगळं बंद पडल्यावर फ्लेक्सचं मशीन घातलं. त्याचं मला काही वाटत नाही. वाटतं ते तुझ्या वर्गातल्या पोरांचं. पाझर तलावापलीकडं ज्यांनी पाणी बघितलं नाही अशा पोरांना तू समुद्र काढायला लावायचास. मी एकदा तुझ्या वर्गात आलो होतो. साठ वह्या, साठ समुद्र, साठ पालथ्या होड्या. एका मुलीनं समुद्राच्या कडेला बाभळ काढली होती आणि बाभळीखाली शेळी बांधली होती. तू लाल पेन्सिलीनं बाभळीवर फुली मारलीस. तिनं विचारलं, "सर, कावून?" तू म्हणालास, "समुद्राकाठी बाभळ नसते." तुला काय माहीत रे? तू तोवर समुद्र बघितला होतास का? अख्ख्या वर्गात तेवढं एकच चित्र बघण्यासारखं होतं.

तुला आपल्याकडचं काहीच चित्रात घेण्याजोगं वाटायचं नाही. "बीडमधी काढायला हाय काय बे? ढेकळं अन् धुरळा." मी म्हणायचो, तुझ्या चित्रात तरी काय आहे? दगडांची भिंत, मेंढ्या, कष्ट करणारी बाई. ही सगळी चौसाळ्यातही आहेत. तू हसायचास. इंग्रजाची मेंढी ती मेंढी, आणि आपल्या धनगराची मेंढी म्हणजे नुसत्या लेंड्या, असा तुझा हिशेब.

म्हणून मी ते ठसे कोरले. खरं सांगतो, निम्मे तुला दाखवायला कोरले. चिंचेच्या जुन्या खोडाचे आडवे काप अण्णांनी मला घासून, घोटून आरशासारखे करून दिले. त्यांच्या उजव्या हाताची दोन बोटं आधीच गेलेली होती, तरी रंधा त्यांनीच मारला. मी दुकान सांभाळून दोन वर्षं कोरत होतो. बारा ठसे झाले. रानात बसवलेलं मेंढरांचं खांड. घोंगडी पांघरून काठीवर हनुवटी टेकलेला धनगर. घोड्यावर लादलेला बिऱ्हाडाचा पसारा आणि वर बांधलेली कोंबडी. विहिरीच्या काठावर वाळत घातलेली वाकळ. छापून काढले तेव्हा अण्णांनी एकेक कागद उजेडात नेऊन बघितला आणि फक्त एवढंच म्हणाले, "रेघ पळाली न्हाई."

जिल्ह्याच्या प्रदर्शनात मी ते लावले. परीक्षक तू होतास. मला आनंद झाला होता, हे तुला सांगायला आज लाज वाटते. वाटलं, दुसऱ्या कुणाला कळो न कळो, याला कळेल. बक्षीस दिलंस ते एका समुद्राच्या चित्राला, तुझ्याच जुन्या विद्यार्थ्यानं काढलेल्या. पालथ्या होड्या, वाळत घातलेलं जाळं, सगळं होतं त्यात. ठीक आहे. बक्षीस कुणाला द्यायचं हा परीक्षकाचा हक्क. पण तू माईकवर माझ्या कामाबद्दल बोललास. "नामदेव माझा मित्र आहे, तरी स्पष्ट बोलतो. काम सफाईदार आहे. पण हे सुतारकाम आहे. कला वेगळी."

लोक हसले. मोठ्यानं नाही, पण हसले. अण्णा माझ्या शेजारी बसले होते, धुतलेला फेटा बांधून. त्यांनी माझ्या गुडघ्यावर हात ठेवला आणि हळूच विचारलं, "आपल्याला काय म्हणला रं मुरलीधर? नीट ऐकू न्हाई आलं." मी म्हणालो, "काम सफाईदार हाय म्हणला." अण्णांनी मान डोलावली. त्यांना ऐकू आलं होतं. 

ज्या माणसाचं वाक्य विकून तू कलावंत झालास, त्याच्या तोंडावर तू सुतार हा शब्द शिवीसारखा वापरलास. याला मी काय म्हणू, सांग. मला राग नाही आला. राग बरोबरीच्या माणसाचा येतो. मला तुझी किळस आली. सहा वर्षं मी तुझ्याशी बोललो नाही. तुझ्या पोरीच्या लग्नाची पत्रिका आली, मी बाहेरच्या बाहेर परत पाठवली. अण्णा गेले तेव्हा तू नांदूरघाटला आला होतास. लांब, लिंबाखाली, चपला हातात घेऊन उभा होतास. मी बघितलं आणि नजर फिरवली.

मग एक दिवस शकुंतला वहिनी दुकानात आल्या. त्या कधी येत नसत. खुर्चीवर बसल्या, पदरानं तोंड पुसलं आणि म्हणाल्या, "भावजी, ह्यांच्या किडन्या गेल्या. आठवड्यातून दोनदा मशीनवर घालत्यात. लई हट्ट धरलाय. समुद्र बघायचा म्हणत्यात."

मी म्हणालो, "त्याला समुद्राचं सगळं माहीत हाय की. बघायचं कशाला?"

वहिनींनी पदर खांद्यावर ओढून घेतला. मग शांतपणे म्हणाल्या, "तुमी त्यांच्यावर हसा. तुमचा हक हाय. पण घेऊन जावा. दुसऱ्या कुणासंगं जात न्हाईत. नाम्या नेईल तर जाईन म्हणत्यात."

डॉक्टरांना विचारून, दोन मशीनच्या मधले दिवस धरून, मी तुला गाडीत घातलं. वहिनी मागं बसल्या, उशा आणि औषधांची पिशवी घेऊन. तू पुढं, माझ्या शेजारी. केवढासा झाला होतास! मनगटं पोरासारखी. तरी घाट उतरेपर्यंत तुझी जीभ चालूच. भरती म्हणजे काय, ओहोटी म्हणजे काय, होड्या पालथ्या कावून घालतात. मी हूं हूं करत गाडी चालवत होतो. मनात म्हणत होतो, बोल, बोल. पोचू दे.

दापोलीकडच्या एका गावात आपण उतरलो. सकाळची वेळ होती. तू चपला हातात घेतल्यास आणि वाळूवर चार पावलं टाकलीस, तोच एक कोळीण ओरडली, "ओ काका! पाय काढा! सुकटीवर उभे राहिलात!" तू खाली बघितलंस. चटईवर वाळत घातलेल्या बारीक जवळ्यावर, बरोबर मधोमध, सागरपुत्र उभा. उडी मारून बाजूला झालास तो दुसऱ्या चटईवर. ती बाई हात ओवाळून बोलत होती, वहिनी तिची माफी मागत होत्या, आणि मी गाडीला टेकून डोळ्यांत पाणी येईस्तोवर हसत होतो. एवढा मी अण्णा गेल्यापासून हसलो नव्हतो.

नंतर तू कडेला जाऊन उभा राहिलास. लाट आली, पायाला लागली, आणि तू साप दिसल्यासारखा मागं सरलास. मग म्हणालास, "वास लई येतो बे."

"मग? मासे हायत."

"ह्याला पलीकडचा काठच न्हाई की नाम्या. माजलगावच्या धरणाला तरी दिसतो."

तू डोळ्यांवर आडवा हात धरून बघत होतास. म्हणालास, "फसवलं बे मला त्यानं."

"कुणी?"

"कोरणाऱ्यानं. त्यानं चारी बाजूंनी काळी चौकट मारली, अन् मला वाटलं, एवढाच असतो." मग म्हणालास, "अन् ती मुलगी बरोबर हुती. ती बघ."

तू बोट दाखवलंस तिकडं, वाळू संपते तिथं, एक काटेरी झाड होतं. बाभळच होती की नाही देव जाणे. पण तिला एक शेळी बांधलेली होती.

पाऊण तासानं म्हणालास, "चल परत." दोन दिवसांचा प्रवास करून पाऊण तास. पण मुरल्या, तुझ्या उभ्या आयुष्यात मी तुझ्या तोंडून ऐकलेली स्वतःची अशी वाक्यं तेवढीच. बाकी सगळी उसनी. ती ऐकायला मिळाली म्हणून मी ती गाडी चालवल्याचं समाधान मानतो.

परत येताना मी विचारलं. घाट चढून आलो होतो, वहिनी मागं झोपल्या होत्या. "मुरल्या, तू त्या दिवशी सुतारकाम कावून म्हणलास?" तू डोळे मिटून घेतलेस. झोपल्याचं सोंग. पापण्या हलत होत्या तुझ्या. मी दुसऱ्यांदा विचारलं नाही. मनात म्हणालो, भित्रा आहे, भित्राच मरणार.

आणि मग, तू तसा तोंड उघडं टाकून खरंच झोपलास तेव्हा, मला नको असलेली एक गोष्ट आठवली. ती मी तुला तुच्छ मानताना नेहमी बाजूला ठेवत आलो आहे. आज ठेवत नाही, नाहीतर मीही तुझ्यासारखाच होईन.

डिप्लोम्याच्या शेवटच्या परीक्षेला आठ दिवस होते. अण्णांचा हात केजच्या एका कारखान्यात पट्ट्याच्या करवतीत गेला. दोन बोटं तिथंच पडली. मी औरंगाबादला होतो. तू जत्रेसाठी गावी आलेला होतास. निरोप तुला आधी कळला. तू घरची जीप काढलीस, अण्णांना मांडीवर घेऊन सरकारी दवाखान्यात नेलंस आणि रक्तही तूच दिलंस. मी पोचलो तेव्हा तुझा शर्ट पार वाळून कडक झाला होता, अण्णांच्या रक्तानं. जखम चिघळली. कुणीतरी सतत जवळ पाहिजे होतं. आई नव्हती, भाऊ नव्हता. मी परीक्षा सोडायला निघालो. तू मला व्हरांड्यात ओढत नेलंस. "तू जा परीक्षेला. मी हाय हितं."

"अन् तुझी परीक्षा?"

"माझी बी हुईल की कवातरी. माझ्या बापाकडं जमीन हाय. तुझ्या बापाकडं आता हात बी न्हाई. जा म्हणतो ना."

मी गेलो. पास झालो. तू अकरा दिवस त्या दवाखान्यात लोखंडी पलंगाशेजारी जमिनीवर झोपलास. अण्णांचं अंग पुसलंस, त्यांना भरवलंस, त्यांना संडासला नेलंस. जमीनदाराच्या पोरानं. तुझं वर्ष बुडालं. तुझ्या वडिलांनी तुला गावासमोर मारलं, तेही मला दुसऱ्याकडून कळलं.

आणि ही गोष्ट तू कधी, कुठंही, कुणालाही सांगितली नाहीस. खुरांच्या रोगाचं पान साहेबाची भेट म्हणून मिरवणारा तू, सुताराचं वाक्य स्वतःचं म्हणून विकणारा तू. ही एक खरी, तुझी स्वतःची गोष्ट होती, आणि तिला तू तोंडातून बाहेर पडू दिलं नाहीस. भांडणातही नाही. त्या सहा वर्षांत तू मला एवढंच म्हणाला असतास, 'तुझ्या बापासाठी मी काय केलं ते आठव', तर मी गप्प झालो असतो. म्हणाला नाहीस. अण्णा मात्र मरेपर्यंत विचारायचे, "मुरलीधर येत न्हाई का रं हल्ली?" प्रदर्शनातलं सगळं ऐकून, समजून, तरी विचारायचे. मला त्यांचा राग यायचा. आता वाटतं, त्यांनी तुला कोरलेल्या बाजूनं बघितलं, आणि मी सोडलेल्या.

शेवटचं. हे मी वहिनींनाही बोललो नाही, पण त्या खोलीत होत्या, त्यांनी बघितलं आहे.

तू जायच्या पाच दिवस आधी, दुपारी, तुला मशीनवर घालायचे त्या बीडच्या दवाखान्यात मी तुला भेटायला आलो. मशीन होऊन तू पडला होतास, रंग राखेसारखा. मी मोसंबी आणली होती, ती तुला चालत नव्हती. तशीच खिडकीत ठेवली. इकडचं तिकडचं बोलणं झालं. मग तू माझं मनगट धरलंस. जोर नव्हता हातात.

"नाम्या. त्या प्रदर्शनात मी तुला, अण्णाला..."

मला कळलं, काय येतंय. इतकी वर्षं मी त्याचीच वाट बघत होतो. आणि मी म्हणालो, "जाऊ दे बे. कशाला उकरतोस."

"न्हाई, ऐक की. तुझं काम बघितलं अन् मला..."

मी हात सोडवून घेतला आणि उठून पडदा सरकवला. "डॉक्टरांनी तुला बोलू नको म्हणून सांगितलंय."

डॉक्टरांनी असं काही सांगितलं नव्हतं. वहिनींनी माझ्याकडं बघितलं. तूही बघितलंस. तुला माझं खोटं ओळखता येतं; चार वर्षं एका खोलीत काढली आहेत आपण. मग म्हणालास, "बरं. पाणी तरी दे."

पाणी तुला मोजून द्यायचं होतं. मी झाकणात ओतलं, मान उचलून धरली. दोन घोट घेतलेस. थोडं हनुवटीवरून ओघळलं, ते मी माझ्या रुमालानं पुसलं. त्यानंतर आपण बोललो नाही, तू झोपलास आणि मी दुकानात गेलो.

'तुझं काम बघितलं अन् मला' याच्या पुढं काय होतं, मुरल्या? हेवा वाटला? भीती वाटली? काहीच कळलं नाही? मी तेरा दिवस ते वाक्य पुरं करायला बघतोय आणि ते होत नाही. तुला बोलू दिलं असतं तर तुला माफ करावं लागलं असतं, आणि मग तुझ्याकडं खाली वाकून बघायला माझ्यापाशी काय राहिलं असतं? तेवढी एकच उंच जागा होती माझी. तू जन्मभर खोटारडा होतास, चोर होतास, आणि भित्रा होतास. पण त्या दुपारी तू धीर केला होतास. त्या खोलीतला भित्रा मी होतो.